दुबईत घर, हिशेब भारतात

मुंबई-पुण्यातील पंचतारांकित हॉटेलांत शनिवार-रविवारी भरणारी दुबईच्या घरांची प्रदर्शने आता नवलाईची राहिलेली नाहीत. मध्यभागी काचेच्या पेटीत मनोऱ्यांची प्रतिकृती, टेबलापलीकडे सफाईदार हिंदी-इंग्रजी बोलणारा प्रतिनिधी आणि त्याच्या हातातील रंगीत माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत एकच ओळ : दरमहा फक्त एक टक्का भरा. शिवाय भाड्यावर तिथे प्राप्तिकर नाही, आणि घराची किंमत २० लाख दिरहम किंवा त्याहून अधिक असेल तर दहा वर्षांच्या 'गोल्डन व्हिसा'साठी अर्ज करण्याची सोय. हे सारे खोटे असते असे मुळीच नाही. दुबईच्या कायद्याच्या चौकटीत पाहिले तर यातील बहुतेक विधाने बरोबरच असतात. घर घेणारा मात्र दुबईचा रहिवासी नसतो. तो ठाण्यात किंवा कोथरूडला राहतो, भारतात कमावतो आणि भारतात कर भरतो. त्याला लागू होणारे निम्मे नियम त्या माहितीपत्रकावर कुठेच छापलेले नसतात.

दुबईतील परकीय घरमालकांमध्ये भारतीयांचा क्रमांक वरचा आहे. निरनिराळ्या देशांतील पत्रकारांनी एकत्र येऊन मे २०२४ मध्ये 'दुबई अनलॉक्ड' या नावाने जी माहिती उजेडात आणली, तीनुसार २०२२ मध्ये सुमारे २९,७०० भारतीयांच्या नावावर तेथे ३५ हजारांच्या आसपास मालमत्ता होत्या आणि त्यांची किंमत १७ अब्ज डॉलरच्या घरात होती. यातील अनेक जण तेथेच नोकरी-व्यवसाय करणारे असतात. त्यांचा प्रश्न वेगळा व बराच सोपा आहे. त्याकडे पुढे येऊ. खरी गुंतागुंत आहे ती भारतात बसून तिकडे घर घेणाऱ्यांची.

परकीयांना मालकी कशी मिळाली

आखातातील जमीन परकीयांच्या मालकीची होऊ शकते, ही कल्पनाच पंचवीस वर्षांपूर्वी अशक्य वाटत होती. दुबईचे तत्कालीन युवराज शेख महंमद बिन रशीद अल मक्तूम यांनी २००२ मध्ये परकीयांना ठरावीक भागांत घरे विकत घेण्याची मुभा दिली आणि तेथील बांधकाम व्यवसायाचे चित्र पालटले. त्या निर्णयाला पक्के कायदेशीर अधिष्ठान मिळाले ते २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने. या कायद्यानुसार शासकांनी निश्चित केलेल्या भागांतच परकीयांना पूर्ण मालकी किंवा ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मिळू शकतो. पाम जुमेरा, दुबई मरिना, बिझनेस बे, जुमेरा व्हिलेज सर्कल ही नावे माहितीपत्रकांत पुन्हा पुन्हा दिसतात त्याचे कारण हेच. जुन्या शहराच्या अनेक वस्त्यांत परकीयाला आजही घर घेता येत नाही.

ग्राहकांच्या पैशाचे रक्षण व्हावे यासाठी २००७ मध्ये दोन कायदे आले. एकाने प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र विश्वस्त खाते, म्हणजे 'एस्क्रो' खाते बंधनकारक केले. ग्राहकाचा हप्ता विकासकाच्या खिशात न जाता या खात्यात जातो व बांधकामाच्या प्रगतीनुसार बाहेर पडतो. काम पूर्ण झाल्यावरही पाच टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवली जाते. दुसऱ्या कायद्याने 'रेरा' ही नियामक संस्था स्थापन केली. महाराष्ट्रात २०१७ पासून काम करणाऱ्या 'महारेरा'शी तिचे नामसाधर्म्य असले तरी दोघींचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि दुबईच्या प्रकल्पाची तक्रार वांद्र्याला ऐकली जात नाही. प्रदर्शनात 'रेरामान्य प्रकल्प' असे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी कोणता रेरा, एवढे तरी विचारून घ्यावे.

कायदे झाले आणि पाठोपाठ २००८ चे जागतिक वित्तीय संकट आले. दुबईतील घरांचे भाव वर्षभरात निम्म्याच्या आसपास कोसळले. नोव्हेंबर २००९ मध्ये 'दुबई वर्ल्ड' या सरकारी समूहाने कर्जफेडीसाठी मुदतवाढ मागितली आणि जगभरचे बाजार हादरले. समुद्रात भराव टाकून उभारायचा पाम जेबेल अली हा प्रकल्प रखडला तो रखडलाच. २०२३ मध्ये नव्या आराखड्यासह त्याची पुन्हा घोषणा झाली. त्यानंतरही २०१४ ते २०२० या काळात तेथील भाव बहुतांशी उतरणीलाच होते आणि २०२१ पासून ते झपाट्याने चढले. मुंबईत जागेचा भाव थांबतो, फारसा पडत नाही, असा आपल्याकडील मध्यमवर्गाचा अनुभव आहे. दुबईत तो पडतो, आणि एकाच पिढीत दोनदा पडलेला आहे.

पैसा कोणत्या वाटेने गेला?

भारतातील रहिवाशाने परदेशात स्थावर मालमत्ता घ्यायची तर तो व्यवहार परकी चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे 'फेमा'खाली येतो. १९९९ चा हा कायदा जून २००० पासून अमलात आहे. सर्वसामान्य पगारदारासाठी सरळ वाट एकच : रिझर्व्ह बँकेची उदारीकृत धनप्रेषण योजना, बँकांच्या भाषेत 'एलआरएस'. या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. मुलांचे शिक्षण, परदेश प्रवास, परदेशी समभाग आणि घर, सगळे मिळून हीच मर्यादा. दिरहमचा डॉलरशी असलेला दर ३.६७२५ असा बांधलेला असल्याने हे अडीच लाख डॉलर म्हणजे सुमारे नऊ लाख १८ हजार दिरहम. गोल्डन व्हिसासाठी लागणारे २० लाख दिरहमचे घर एकट्याला एका वर्षात कायदेशीर वाटेने घेता येणार नाही, हे या एका भागाकारातूनच स्पष्ट होते.

मग पती, पत्नी, आई-वडील यांच्या मर्यादा एकत्र कराव्यात, असे सुचवले जाते. ते करता येते, पण एका अटीवर. ज्या नातेवाइकाच्या मर्यादेतून पैसा जातो तो त्या घराचा सहमालक असला पाहिजे. वडिलांच्या खात्यातून दोन लाख डॉलर गेले आणि दुबईच्या मालकीपत्रावर नाव फक्त मुलाचे, हे रिझर्व्ह बँकेला मान्य नाही. घरातल्या घरात ही गोष्ट किरकोळ वाटते आणि नेमकी तिथेच चूक होते.

पैसे पाठवताना बँकेत 'ए-२' अर्ज भरावा लागतो आणि त्यात रक्कम कशासाठी चालली आहे ते लिहावे लागते. 'नातेवाइकांच्या निर्वाहासाठी' असे लिहून पाठवलेल्या रकमेतून घराचा हप्ता भरला तर ते चुकीचे निवेदन ठरते. आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाचेही तेच. घराचे टोकन म्हणून प्रदर्शनातच कार्ड पुढे करण्याचा मोह अनेकांना होतो. कार्ड हे चालू खात्यावरील खर्चासाठी असते, तर स्थावर मालमत्ता हा भांडवली व्यवहार आहे. अशा भांडवली पाठवणीसाठी भारतातील बँकांनी कर्ज देऊ नये, असाही रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. दुबईतील बँका अनिवासी ग्राहकाला गृहकर्ज देऊ करतात. भारतातील रहिवाशाला मात्र परदेशात परकी चलनात कर्ज काढण्याची सर्वसाधारण परवानगी नाही. परदेशस्थ जवळच्या नातेवाइकाकडून घेतलेल्या मर्यादित कर्जासारखे अपवाद सोडले तर ती वाट बंदच आहे.

सर्वांत धोक्याची वाट सर्वांत सोपी दिसते. दुबईतला कुणी ओळखीचा तिकडे दिरहम भरतो आणि इकडे त्याच्या भावाला तेवढेच रुपये दिले जातात. कागद नाही, बँक नाही, मर्यादा नाही. बोलीभाषेत याला हवाला म्हणतात आणि 'फेमा'च्या तिसऱ्या कलमाने तो निषिद्ध आहे. 'फेमा'चे उल्लंघन सिद्ध झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय २०१५ मध्ये या कायद्यात जी भर पडली, तिच्यामुळे परदेशात नियमबाह्य रीतीने धारण केलेल्या मालमत्तेच्या किमतीएवढी भारतातील मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार सक्तवसुली संचालनालयाला मिळाला. दुबईतील घर तिथेच राहते आणि टाच येते ती बोरिवलीच्या फ्लॅटवर.

पाच वर्षांचे हप्ते, एका वर्षाचा नियम

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात घर घेतले की हप्ते तीन, चार, पाच वर्षे चालतात. एलआरएसच्या मर्यादेत बसण्यासाठी ही रचना सोयीचीच वाटते. दर वर्षी थोडे थोडे पाठवत राहावे. यातील गृहीतक असे की आजचा नियम पाच वर्षे टिकेल. इतिहास तसे सांगत नाही. ही योजना फेब्रुवारी २००४ मध्ये अवघ्या २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. ती वाढत वाढत २००७ मध्ये दोन लाखांवर गेली. रुपया घसरू लागताच १४ ऑगस्ट २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने ती एका फटक्यात ७५ हजारांवर आणली आणि या योजनेतून परदेशात घर घेण्यालाच मनाई केली. २०१४ मध्ये मर्यादा सव्वा लाख झाली व घरांवरील बंदी उठली. अडीच लाखांची सध्याची मर्यादा २०१५ पासूनची. रुपयावर पुन्हा तसाच ताण आला तर काय, याचे उत्तर विकासकाच्या करारात नसते. हप्ता चुकला तर काय, याचे उत्तर मात्र त्यात असते.

तेही पाहण्यासारखे आहे. ग्राहकाने हप्ते थकवले तर दुबईचा भूमी विभाग ३० दिवसांची नोटीस देतो. त्यानंतर करार रद्द करायचा झाल्यास प्रकल्पाचे काम ६० टक्क्यांच्या आत असेल तर घराच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत, आणि त्याहून पुढे गेले असेल तर ४० टक्क्यांपर्यंत रक्कम विकासक ठेवून घेऊ शकतो. लक्षात घ्यायचे ते हे की ही टक्केवारी भरलेल्या रकमेची नसून घराच्या एकूण किमतीची आहे. १५ लाख दिरहमच्या घरात चार लाख भरून अडकलेल्याच्या हाती त्यातले फारसे काही परत येत नाही. मधेच घर दुसऱ्याला विकावे म्हटले तर विकासकाचे ना-हरकत पत्र लागते आणि ठरावीक रक्कम भरून झाल्याखेरीज ते मिळत नाही. ३० ते ४० टक्क्यांची अट सर्रास आढळते.

ताबा मिळाल्यानंतरही दोन-तीन वर्षे हप्ते भरण्याची सवलत हे अलीकडचे आकर्षण. येथे भारतीय रहिवाशाने विशेष जपून पाऊल टाकावे. घर ताब्यात आले, किंमत अजून द्यायची आहे, म्हणजे मधल्या काळात विकासकाने उधारी दिली, असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. परदेशातील उधारी 'फेमा'त कशी बसवायची, हा प्रश्न मग बँक विचारते आणि पुढचा हप्ता अडतो.

रुपयाची घसरणही हप्त्यांत मोजली पाहिजे. २०१३ च्या आरंभी दिरहम १५ रुपयांच्या आत होता, २०२५ संपताना तो २४ रुपयांच्या पुढे होता. घर हाती असणाऱ्याला ही वाढ सुखावते. ज्याचे निम्मे हप्ते अजून बाकी आहेत त्याचे घर मात्र दर वर्षी महाग होत जाते.

सहा टक्क्यांचे काय झाले?

माहितीपत्रकातील परताव्याचा आकडा आणि घरी येणारा आकडा यांत अंतर किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. १५ लाख दिरहमचे, ८०० चौरस फुटांचे तयार घर. भूमी विभागाचे नोंदणी शुल्क चार टक्के, म्हणजे ६० हजार. दलालाची दोन टक्के दलाली व त्यावर पाच टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे ३१,५००. एकूण गुंतवणूक झाली १५ लाख ९१ हजार ५००. वार्षिक भाडे ९० हजार धरू. मूळ किमतीवर हे सहा टक्के होतात आणि माहितीपत्रकात हाच आकडा असतो.

आता वजाबाकी. इमारतीच्या देखभालीचे शुल्क चौरस फुटाला वर्षाला १५ दिरहम धरले तरी १२ हजार गेले. दुबईत भाड्यावर प्राप्तिकर नाही, पण भारताचा रहिवासी आपल्या जगभरातील उत्पन्नावर भारतात कर देणे लागतो. भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. उरलेल्या ६३ हजारांवर वरच्या टप्प्यातील करदात्याला उपकरासह ३१.२ टक्के दराने १९,६५६ दिरहम कर बसतो. देखभाल शुल्काची वेगळी वजावट नाही. तिकडे करच भरलेला नसल्याने दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा लाभ घ्यायलाही काही उरत नाही. हाती राहिले ५८,३४४, म्हणजे गुंतवणुकीवर ३.७ टक्क्यांच्या आसपास. घर एखादा महिना रिकामे राहिले तर त्याहून कमी. अनेक इमारतींत वातानुकूलन सामायिक शीतगृहातून होते आणि घर बंद असले तरी त्या जोडणीचे ठरावीक शुल्क सुरूच राहते; स्थानिक मंडळी त्याला 'चिलर' म्हणतात आणि त्याविषयी भरभरून तक्रार करतात.

पैसे पाठवतानाही कर कापला जातो. १ एप्रिल २०२५ पासून एका वर्षात १० लाख रुपयांपुढील अशा पाठवणीवर बँक २० टक्के 'टीसीएस' वसूल करते. दिरहमचा भाव २४ रुपये धरला तर १५ लाख दिरहम म्हणजे तीन कोटी ६० लाख रुपये. पती-पत्नीने निम्मे निम्मे एकाच वर्षात पाठवले तर प्रत्येकी ३४ लाख, म्हणजे दोघांचे मिळून ६८ लाख रुपये वेगळे उभे करावे लागतात. हा खर्च नव्हे. विवरणपत्रात त्याचे समायोजन होते किंवा परतावा मिळतो, आणि पगारदाराला तो मालकाकडून होणाऱ्या करकपातीतही धरता येतो. पण काही महिने एवढी रक्कम अडकून पडते आणि घराच्या अंदाजपत्रकात ती कुणी धरलेली नसते.

पुण्यातील घर विकून आलेल्या नफ्यातून दुबईत घर घेतले तर भांडवली नफ्यावरील कर वाचेल, हाही असाच एक गैरसमज. घराच्या बदल्यात घर घेतल्यास मिळणारी सवलत २०१४ च्या दुरुस्तीनंतर भारतातील घरापुरतीच उरली आहे.

विवरणपत्रातील एक रकाना

परदेशातील घर प्राप्तिकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दर वर्षी दाखवावे लागते. भाडे येवो अथवा न येवो. ते न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र ही सूट बँक खाती, समभाग यांसारख्या मालमत्तेला आहे. स्थावर मालमत्ता तीतून स्पष्टपणे वगळलेली आहे. घर घेण्यासाठी वापरलेला पैसाच अघोषित निघाला तर ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड, अशी शिक्षा त्याच कायद्यात आहे.

गोल्डन व्हिसा मिळाला की आपण दुबईचे रहिवासी झालो व भारतातील कर संपला, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. व्हिसा हा तिथे राहण्याचा परवाना आहे. भारतातील करविषयक निवास ठरतो तो मुख्यतः वर्षातील किती दिवस माणूस भारतात होता यावर. व्हिसा पाकिटात आणि माणूस वर्षभर डोंबिवलीत, तर कर भारतातच.

दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची गोष्ट वेगळी. 'फेमा'च्या दृष्टीने तो अनिवासी असतो, तेथील कमाईतून, तेथील बँकेच्या कर्जाने तो मोकळेपणाने घर घेऊ शकतो. निवृत्त होऊन परतल्यावरही ते घर ठेवण्याची, भाड्याने देण्याची, विकण्याची मुभा त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने दिली आहे. फक्त परतल्यावर तो पूर्ण अर्थाने निवासी झाला की भाडे येथे करपात्र होते आणि परिशिष्टाचा तो रकाना भरावा लागतो. खरेदीच्या वेळी आपण अनिवासी होतो हे सिद्ध करणारी कागदपत्रे, जुने व्हिसा, पगाराच्या पावत्या, हप्ते गेल्याच्या बँक नोंदी, जपून ठेवाव्यात. वीस वर्षांनी त्यांची विचारणा होते तेव्हा ती कंपनी आणि ती बँकशाखा जागेवर असेलच असे नाही.

मालकाच्या पश्चात काय, हा विषय प्रदर्शनात सहसा निघत नाही. संयुक्त अरब अमिरातीत बिगरमुस्लिमांसाठी केलेला संघराज्याचा कायदा फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यानुसार निम्मा वाटा पती किंवा पत्नीला आणि उरलेला निम्मा मुलगा-मुलगी असा भेद न करता अपत्यांना समान मिळतो. हिंदू वारसा कायद्यात मृत पुरुषाची आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे. अमिरातीच्या या वाटणीत, मागे पत्नी व अपत्ये असतील तर, तिला वाटा नाही. मृत्युपत्र करून हे बदलता येते आणि बिगरमुस्लिमांना दुबईतील आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राच्या नोंदणी कार्यालयात ते २०१५ पासून नोंदवता येते. भारतात केलेल्या मृत्युपत्रावर विसंबल्यास वारसांना आधी त्याचे अरबी भाषांतर व साक्षांकन करून तेथील न्यायालयासमोर जावे लागते, आणि ते पूर्ण होईपर्यंत घर विकता येत नाही. देखभालीचे शुल्क मात्र या काळातही वारसांकडे मागितले जाते.